रत्नागिरीची गाठ, परळची काचपट्टी

मे महिना सरत आला की कोकणच्या बोटी बंद होत. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड घेत रत्नागिरीला येणारी आगबोट मग नारळी पौर्णिमा उलटून दर्या निवळल्यावरच पुन्हा दिसायची. मधले तीन महिने जिल्ह्याचा मुंबईकडे जाणारा सरळ रस्ता तुटलेला असे. आंबा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून रेल्वेने मिरज, पुणे असा दुसरा मार्ग होता. पण तो धडधाकट माणसाचा. तोंड उघडत नाही, घास गिळवत नाही अशा आजाऱ्याला घेऊन भर पावसात घाट कोण चढणार? गणपती होऊन जाऊ दे, बोटी सुरू झाल्या की मुंबईला नेऊ, असे घरोघर ठरायचे.

बहुतेक दुखण्यांना ही सवड परवडत असे. जबड्याच्या हाडात उगवणाऱ्या काही गाठींना ती परवडत नव्हती.

या गाठींचा कावा समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. सुरुवात दातापासून होते. खालची एखादी दाढ हलू लागते. ती किडलेली नसते, हिरडीही सुजलेली नसते. गावात दात उपटून देणारा कोणी असला तर तो ती काढून देतो. आठ-पंधरा दिवसांत भरून यायला हवा तो खड्डा भरत नाही. उलट त्यातून लालसर मांस वर येते. गाल एका बाजूने फुगतो. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. हे बधिरपण फार महत्त्वाचे, कारण खालच्या जबड्याच्या हाडातून एक संवेदनेची नस जाते आणि आत काही तिला दाबत किंवा पोखरत असल्याखेरीज ओठ असा अकारण झोपत नाही. पण बधिर ओठ दुखत नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करत नाही.

आपल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हटला की तंबाखू, सुपारी, मशेरी डोळ्यांसमोर येते, आणि ते बरोबरच आहे. तो रोग गालाच्या आतल्या कातडीवर किंवा हिरडीवर सुरू होतो, चट्टा किंवा जखम दिसते, आणि तिथून तो हाडात शिरतो. इथे ज्यांची गोष्ट सांगायची त्या गाठी उलट दिशेने येतात. त्या हाडाच्या आत जन्मतात. हाड घडवणाऱ्या पेशींतून उठणारा ऑस्टिओसार्कोमा, लहान वयात होणारा युइंग सार्कोमा, दात घडवून झाल्यावर हाडात शिल्लक राहिलेल्या पेशींतून निघणारे कार्सिनोमा, आणि स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड असल्या दूरच्या अवयवातून येऊन जबड्यात मुक्काम ठोकणारी गाठ. तोंड उघडून पाहिले तर आतली कातडी बराच काळ शाबूत. तंबाखू कधी न खाल्लेल्या माणसालाही त्या होतात. शिवाय त्या विरळा. जबड्याच्या ऑस्टिओसार्कोमाचे प्रमाण वर्षाला दहा लाखांत एकाहूनही कमी सांगितले जाते. म्हणजे रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातल्या डॉक्टरने उभी हयात काम केले तरी त्याच्या वाट्याला असा एखादाच रुग्ण यायचा, आणि तो आला तेव्हा ओळखायला आधीचा कोणी पाहिलेला नसायचा.

दुर्मीळ गाठीच्या निदानाचा इतिहास म्हणूनच एखाद्या हुशार वैद्याचा होत नाही, तो जमवाजमवीचा इतिहास होतो. विखुरलेल्या गावांतले एकेक उदाहरण कुठेतरी एका टेबलावर यावे लागते. रत्नागिरीच्या बाबतीत ते टेबल परळला होते.

तिथवर पोहोचण्याआधी थोडे मागे जाऊ. सुश्रुतसंहितेत तोंडाचे रोग पासष्ट मोजले आहेत आणि ते ओठ, दंतमूळ, दात, जीभ, टाळू, घसा असे जागेप्रमाणे लावले आहेत. अर्बुदाचीही नोंद त्यात आहे. जागेवरून रोग लावायची ही रीत पुढे हजारभर वर्षे पुरली, कारण डोळ्याला आणि बोटाला कळेल तेवढेच वैद्याला कळत होते. युरोपातही काही वेगळे नव्हते. भूल मिळायच्या आधीच्या काळात लंडनचा रॉबर्ट लिस्टन जबडे कापून काढत होता आणि १८३७ मध्ये त्याने तोंडाच्या नि जबड्याच्या गाठींवर निबंधही लिहिला. पण काढलेली गाठ नेमकी कशाची होती हे ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची शिस्त अजून यायची होती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि तिच्यासोबत वैद्यकात एक नवीनच सोय आली: माणूस जागेवर राहतो आणि त्याच्या शरीराचा नखाएवढा तुकडा प्रवास करतो.

या सोयीचे एक गमतीशीर उदाहरण अमेरिकेतले आहे. १८९३च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूवर व्रण दिसला. देशात पैशाची मोठी मंदी, राष्ट्राध्यक्षाला कर्करोग झाल्याची बातमी फुटली तर बाजार कोसळेल अशी धास्ती. व्रणाचा तुकडा रुग्णाचे नाव न लावता तपासणीला गेला. निदान आल्यावर १ जुलै १८९३ रोजी ‘वनायडा’ नावाच्या खासगी बोटीवर, पाण्यातच, त्यांच्या डाव्या वरच्या जबड्याचा मोठा भाग काढला. तोंडात रबराचा कृत्रिम भाग बसवला, म्हणून बोलणे जवळजवळ पूर्वीसारखे राहिले. खरी हकीकत शस्त्रक्रियेतले एक डॉक्टर विल्यम कीन यांनी १९१७ मध्ये छापली, तोवर क्लीव्हलंड हृदयविकाराने जाऊन नऊ वर्षे झाली होती. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जपलेला तो तुकडा १९७०च्या दशकात पुन्हा तपासला गेला आणि निष्कर्ष निघाला व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे चामखिळीसारखा वाढणारा, सावकाश पसरणारा प्रकार. हा प्रकार वेगळा ओळखला गेला तोच १९४८ मध्ये. जपून ठेवलेला तुकडा ऐंशी वर्षांनी निदान दुरुस्त करतो, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता परळ. १९२१च्या जनगणनेत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून जास्त माणसे होती. बाहेरून आलेल्यांत दुसऱ्या कुठल्याही एका जिल्ह्याची इतकी नव्हती. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचाही काही भाग धरून, वेंगुर्ल्यापर्यंत. गिरणीत खाते धरायचे, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, शिमग्याला नि गणपतीला गावी जायचे, असा चाकरमान्यांचा क्रम. या गिरण्यांच्या मधोमध परळला १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उभे राहिले. आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी शेजारीच टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पाठोपाठ वर्षभरात पती सर दोराबजीही गेले, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या न्यासाने हे रुग्णालय बांधले. रत्नागिरीच्या माणसाच्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट पत्ता ही होती. देशातले कर्करोगाचे सर्वांत मोठे रुग्णालय त्याच्या भावाच्या, चुलत्याच्या, गाववाल्याच्या खोलीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होते. गावाहून आणलेल्या आजाऱ्याला टेकायला जागा, डबा पोहोचवायला माणूस आणि केसपेपरवर पत्ता लिहायला एक चाळ आयती मिळत होती. परळला टाटा हॉस्पिटल नसते तर कोकणातले किती जबडे कुणाच्या नजरेस पडले असते, याबद्दल मला शंकाच आहे.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. जन्म १८९५, क्वेट्ट्याचा, शिक्षण लंडनपर्यंतचे, पण आडनाव वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली गावचे. हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाहीच, तो पाश्चात्त्यांचा रोग, असे समजणारे तेव्हा बरेच होते. खानोलकरांनी वाद घालण्यापेक्षा मोजायला घेतले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात छापला. ‘ओळीने’ हा त्यातला खरा कळीचा भाग. ठळक, चमत्कारिक उदाहरणे वेचून न घेता दारात येईल तो प्रत्येक जण मोजायचा. पुढच्या वर्षी सुर्याबाई यांच्याबरोबरच्या निबंधात त्यांनी माणसाच्या राहणीशी जोडलेले कर्करोग मांडले. त्यात धोतराची गाठ कंबरेवर वर्षानुवर्षे काचल्याने होणारा कर्करोग होता, आणि खालच्या ओठाशी तंबाखू-चुन्याची खैनी धरल्याने होणाराही. रोग कुठे होतो हे माणूस काय नेसतो नि काय चघळतो यावर अवलंबून असते, हे परळच्या प्रयोगशाळेतून जगाला कळले.

हजारांची अशी मोजणी झाली की तिचा एक फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. नेहमीचे काय ते पक्के कळले, म्हणजे त्यात न बसणारे उठून दिसू लागते. गालाच्या कातडीवरचा कर्करोग शेकडोंनी पाहिलेल्या नजरेला, कातडी शाबूत असून हाड फुगलेला रुग्ण लगेच खटकतो. तंबाखूच्या कर्करोगाचा तो प्रचंड ढीग रचला गेला नसता तर दुर्मीळ गाठी त्याच्यातच गाडल्या गेल्या असत्या. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस, डॉ. पेमास्टर, डॉ. दाराब जस्सावाला ही शल्यविशारदांची पिढी याच ढिगाशी झुंजत घडली. बोर्जेस मूळचे गोव्याचे. टाटा हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

हाडाच्या गाठीचा तुकडा तपासणे ही मात्र वेगळी डोकेदुखी. मऊ मांसाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकून, मेणात बसवून, केसाहून पातळ काप घेता येतो. हाड कापले जात नाही. ते आधी आम्लात बुडवून त्यातला चुना काढावा लागतो, त्याला दिवसच्या दिवस लागतात, आणि घाई केली तर पेशींचे रूप बिघडते. इतके करूनही काचपट्टीवर दिसते ते फसवे असू शकते. दात काढल्यावर हाड भरून येताना जे नवे हाड बनते त्याच्या पेशी ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींसारख्या अधीर दिसतात. जुन्या पुवाळलेल्या जबड्यातही तसेच. उलट कमी तीव्रतेचा सार्कोमा फायब्रस डिस्प्लेशिया या निरुपद्रवी विकारासारखा शांत दिसतो. म्हणून हाडाच्या गाठींबाबत एक शिस्त पडली: रुग्णाला तपासणारा, एक्स-रे वाचणारा आणि काचपट्टी पाहणारा अशा तिघांचे एकमत झाल्याशिवाय निदान लिहायचे नाही. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाने एक्स-रे न बघता हाडाच्या गाठीवर मत देणे, हा मला आजही बेजबाबदारपणा वाटतो.

एक्स-रेने काय शिकवले तेही पाहायला हवे. अमेरिकेतल्या गॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये जबड्याच्या ऑस्टिओसार्कोमाच्या ५६ रुग्णांचा अभ्यास मांडला. फक्त ५६, पण तेवढे एका जागी आणायलाही मोठे केंद्र लागले. त्यात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. हातापायांच्या लांब हाडांत हा रोग किशोरवयात येतो, जबड्यात मात्र साधारण दहा-पंधरा वर्षे उशिरा, ऐन कर्त्या वयात. आणि दुसरी: गाठ नजरेत भरायच्या आधी, दाताच्या मुळाभोवती एरवी केसाएवढी दिसणारी काळी रेघ दोन्ही बाजूंनी सारखी रुंदावते. दातांच्या दवाखान्यात निघणाऱ्या साध्या, बोटभर फिल्मवर ही खूण दिसते. म्हणजे सुगावा लागायला परळला जाण्याची गरज नव्हती. पण खेडोपाडी एक्स-रेच नव्हता, आणि जिथे होता तिथे ती रेघ बघायला कोणी शिकवले नव्हते.

विरळ गाठी एकत्र आणण्याची कल्पना बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनची. १९२०च्या सुमारास त्याने हाडाच्या सार्कोमाची देशभराची नोंदवही काढली. डॉक्टरांनी आपापले रुग्ण, एक्स-रे आणि काचपट्ट्या तिकडे धाडायच्या आणि जाणकारांनी त्या एकत्र बसून पाहायच्या. जेम्स युइंग हा त्यातलाच एक. त्याच्या नावाची गाठ याच काळात इतरांपासून वेगळी काढली गेली.

पण जबड्याच्या गाठीने जगाला सर्वांत मोठा धडा दिला तो अशा टेबलावर नाही, युगांडात. १९५७ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाला एका सहकाऱ्याने पाच वर्षांचे पोर दाखवले. दोन्ही जबड्यांच्या दोन्ही बाजू, चारही कोपरे फुगलेले. संसर्ग असा चौफेर सममित येत नाही आणि गाठही येत नाही. काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात खिडकीतून सहज बाहेर बघताना त्याला तसाच चेहरा दिसला. एक म्हणजे नवल, दोन म्हणजे रोग, हे त्याने ओळखले. जुने केसपेपर उपसले, शवविच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या, आणि कळले की जबड्याचा, पोटाचा, मूत्रपिंडाचा म्हणून वेगवेगळ्या नावांनी नोंदलेला हा एकच रोग आहे. १९५८ मध्ये त्याने तो छापला. १९६१ मध्ये जुनी स्टेशन वॅगन घेऊन दोन मित्रांसह दहा हजार मैल फिरला आणि दवाखान्यादवाखान्यात फोटो दाखवून असे मूल पाहिले का म्हणून विचारत नकाशा भरला. हा रोग उष्ण, दमट पट्ट्यात आहे, थंड उंच प्रदेशात नाही, असे त्या नकाशाने दाखवले. त्याचे व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एपस्टाइन यांनी पुढे अचाँग आणि बार यांच्यासह १९६४ मध्ये त्या गाठीत विषाणू शोधला. माणसाच्या कर्करोगाशी जोडलेला तो पहिला विषाणू.

आपल्याकडे गावोगाव फिरून तोंडे पाहणारी माणसे त्याच दशकात निघाली. डॉ. फली मेहता यांचे दंतसंशोधन केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. अणूचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत दातांचे लोक कसे, हा प्रश्न अनेकांना पडायचा. त्यांच्यासोबत प्रकाश गुप्ता, दिनेश दफ्तरी आणि कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग. या चमूने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये तो अहवाल छापला. पिंडबोर्ग यांचे दुसरे काम मात्र आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक असते. दातांच्या पेशींतून निघणाऱ्या एका दुर्मीळ, सौम्य गाठीला त्यांचे नाव आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७१ मध्ये दंतजन्य गाठींची पहिली वर्गवारी काढली ती त्यांनी क्रेमर आणि टोर्लोनी यांच्याबरोबर केली. मावळ-जुन्नरकडच्या मशेरी लावणाऱ्या बायांच्या तोंडांची नोंद करणाऱ्या चमूतला माणूस आणि जबड्यातल्या गाठींना जगभर एकच नावे देणारा माणूस एकच.

नावे एक झाल्याने फार मोठे काम झाले. त्याआधी हाडाच्या आत जन्मणाऱ्या कार्सिनोमाला जो तो वेगळे म्हणत होता. जर्मनीत लोस यांनी १९१३ मध्ये तो प्रथम वर्णिला, १९४८ मध्ये विलिस यांनी त्याला आणखी एक नाव दिले, आणि १९७१च्या यादीत तो ‘प्रायमरी इंट्राऑशियस कार्सिनोमा’ झाला. त्याचे निदान म्हणजे नकारांची मालिका आहे. आतली कातडी शाबूत होती ना? दुसरीकडून आलेली गाठ नाही ना? छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे ना, आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढला तरी स्वच्छ आहे ना? हे सगळे झाल्यावर उरते ते निदान. अमेलोब्लास्टोमाची तऱ्हा याहून विचित्र. ती आपल्याकडे त्यामानाने बरीच दिसणारी, जबडा पोखरणारी पण सौम्य गणली जाणारी गाठ. क्वचित ती काढल्यावर काही वर्षांनी फुप्फुसात सापडते, आणि काचपट्टीवर तिथेही तितकीच सौम्य दिसते! म्हणजे ती घातकी होती हे फक्त मागाहून कळते. वर्गवारी करणाऱ्यांनी तिला आधी घातक रकान्यात ठेवले होते, २०१७ मध्ये सौम्य रकान्यात परत आणले.

ही सगळी ये-जा चालू असताना रत्नागिरी जिल्हा आकड्यांच्या हिशेबात कुठे होता? कुठेच नव्हता. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत जस्सावालांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. अशा नोंदणीत त्या शहराच्या रहिवाशांचीच गणना होते. उपचारापुरता बाहेरगावाहून आलेला तिच्यात धरत नाहीत, नाहीतर शहराचे प्रमाण फुगेल. शास्त्र म्हणून हे चोखच आहे. परिणाम असा की राजापूरचा, लांज्याचा, संगमेश्वरचा रुग्ण परळला आला, त्याची गाठ काढली, काचपट्टी कपाटात गेली, आणि तो माणूस ना मुंबईच्या आकड्यात आला ना रत्नागिरीच्या, कारण रत्नागिरीला आकडाच नव्हता. ग्रामीण भागाची पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला उभी राहिली. रुग्ण दवाखान्यात येत नाही तर नोंदणीने गावात जायचे, शिक्षकाला, पोलीस पाटलाला विचारायचे, ही तिची पद्धत. त्याच वाटेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत टाटा स्मारक केंद्राच्या मदतीने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या नोंदण्या सुरू झाल्या.

नोंदणीत जबड्याच्या गाठीची आणखी एक पंचाईत होते. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत हिरडीला सी ०३ आणि खालच्या जबड्याच्या हाडाला सी ४१.१. जबड्यातला कार्सिनोमा कुठे टाकायचा? तिथे बारीक अक्षरांत सूचना आहे: हाडाच्या आतून किंवा दंतपेशीतून निघालेला असेल तरच हाडाच्या खात्यात, एरवी हिरडीच्या. डॉक्टरने केसपेपरवर नुसते ‘जबड्याचा कॅन्सर’ लिहिले तर नोंदणी करणाऱ्या कारकुनाने काय करावे? तो हिरडी लिहितो, आणि एक दुर्मीळ गाठ नेहमीच्यांत मिसळून जाते. विरळ रोग किती विरळ आहे याचे आकडे वाचताना मी ही बारीक अक्षरे विसरत नाही.

दरम्यान वाट बदलली होती. बोटींचा धंदा आटोपला, मुंबई-गोवा रस्त्यावर एसटीच्या रातराण्या धावू लागल्या, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. मुसळधार पावसातही रत्नागिरीहून रात्री बसून सकाळी दादरला उतरता येऊ लागले. गिरण्या तोवर मेल्या होत्या, गावकीच्या खोल्या ओस पडत होत्या. आता गावचा रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरू लागला. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय सुरू झाले. शिवसृष्टीमुळे लोकांना माहीत असलेले हे गाव; तिथे कर्करोगाच्या उपचाराची सोय झाली, टाटा केंद्राशी संबंध जुळले, गावोगावच्या तपासणी शिबिरांना आधार मिळाला, आणि २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही आले. खेडला दंत महाविद्यालय आहे, रत्नागिरी शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयाचे महत्त्व मला सर्वांत जास्त वाटते, कारण तिथे तोंडाच्या विकृतिशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो आणि हलणारी दाढ घेऊन माणूस पहिल्यांदा दाताच्याच डॉक्टरकडे जातो.

काचपट्टीलाही नवे डोळे आले आहेत. पूर्वी निळ्या-गुलाबी रंगांवर भागायचे. आता पेशी कोणत्या कुळातली हे सांगणारी प्रतिद्रव्ये आहेत, सार्कोमा की कार्सिनोमा हा वाद त्यांनी बऱ्याच वेळा मिटतो. युइंग सार्कोमात ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, हे १९८०च्या दशकात कळले. तिथला ईडब्ल्यूएसआर-१ हाच जनुक २०१३ मध्ये क्लिअर सेल ओडोंटोजेनिक कार्सिनोमात मोडलेला सापडला. फिकट पेशींची ही गाठ फार विरळ. मूत्रपिंडातून किंवा लाळग्रंथीतून आलेली तर नाही ना, असा घोळ तिच्याबाबत कायम असायचा. जुन्या कपाटांत मेणाचे ठोकळे जपले होते म्हणून हे शोध लागले. ज्यांनी जागा नाही म्हणून फेकून दिले त्यांच्याकडे शोधायला काहीच नव्हते.

तेव्हा वाचकांना, विशेषतः घाटाखालच्या, इतकेच सांगायचे आहे. किडलेला नसताना दात हलू लागला, दात काढल्याची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, जबडा एका बाजूने वाढतोय असे वाटले किंवा खालचा ओठ, हनुवटी बधिर झाली, तर दुसरी दाढ काढून घेण्याआधी एक्स-रे काढून घ्या. खड्ड्यातून निघालेले मांस बादलीत जाऊ देऊ नका; ते तपासणीला पाठवा असे डॉक्टरांना सांगा. तपासणी झाली की अहवालाच्या कागदावर समाधान मानू नका. काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या, एक्स-रेसोबत एका पाकिटात ठेवा, आणि दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला जाताना हे तिन्ही बरोबर न्या.